हलका ट्रक आणि छोटा स्लीपर (केबिनमधली सीटमागची झोपायची जागा), घ्यायचा का?

अरे आधी हे बघ की तुला पैसे कशावर मिळणारेत. अमेरिकेत इंटरस्टेट महामार्गांवर एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पाऊंड, त्यात ट्रक ट्रेलर डिझेल माल सगळं आलं, म्हणजे ट्रक जेवढा हलका तेवढा माल जास्त. टँकर किंवा बल्कचं (सुटा माल भरून न्यायचं) काम असेल आणि भाडं वजनावर असेल तर हलक्या ट्रकचा फायदा प्रत्येक फेरीला दिसतो. माईलवर पैसे आणि ट्रेलरमधे हलका माल असेल तर मग उगाच कशाला त्रास काढायचा?

राहायचं मात्र त्यातच आहे हे विसरू नको. ४८ इंची स्लीपर, छत बुटकं, मी त्यात दोन वर्षं काढलीत, कपडे बदलायला पण धड उभं राहता येत नाही, जाकिटं शेजारच्या सीटवर, डबा ठेवायला जागा नाही. रोजचे सक्तीच्या विश्रांतीचे १० तास निघून जातात रे, पण ३४ तासांचा रिसेट (आठवड्याचे कामाचे तास पुन्हा शून्यापासून मोजायला घ्यायची सलग सुट्टी) घराबाहेर घ्यायला लागला की जीव नकोसा होतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) छोटा म्हणून वळवायला मस्त, पण खराब रस्त्यावर कंबर बोलते.

मागे जोडटायरऐवजी एकच रुंद टायर असेल तर तो फुटल्यावर जागेवरच थांबायचं. एपीयू (मुख्य इंजिन बंद ठेवून एसी, हीटर चालवणारं छोटं इंजिन) मात्र वजन वाचवायला काढू नको, बऱ्याच राज्यांत त्याला वजनाच्या मर्यादेत ५५० पाऊंडपर्यंत सूट आहे, त्यापेक्षा डिझेल कमी भर, १०० गॅलन म्हणजे जवळपास ७०० पाऊंड. दर वीकेंडला घरी असशील तर घे, तीन-तीन आठवडे बाहेर असशील तर मी नाही म्हणेन.