जुन्या ८०० चा पुढचा सस्पेन्शन

प्रश्न: माझी जुनी मारुती ८०० रॅलीसाठी तयार करतोय, पुढचा लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) जाड प्लेट मारून मजबूत करू का?

उत्तर: थांबा, आधी बॉडी बघा! ८०० मध्ये मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आहे आणि लोअर आर्मला पुढेमागे अँटी-रोल बारच (वळणावर गाडी फार कलू न देणारा आडवा दांडा) धरून ठेवतो, त्यामुळे खड्ड्यात ब्रेक मारला की सगळा मार त्या बारच्या बुशवर (रबरी गादीवर) आणि बारला बॉडीशी धरणाऱ्या ब्रॅकेटवर येतो, तिथेच तडे शोधा. बुश नवे टाका, स्ट्रट टॉवरला (स्ट्रटचं वरचं टोक बसतं तो बॉडीचा भाग) वरून प्लेट वेल्ड करा, ब्रॅकेटच्या कडा टाक्याटाक्याने वेल्ड करून जोडा. आर्म फार कडक नको हो, तो वाकला तर बदलता येतो, शेल (बॉडीचा सांगाडा) फाटलं तर गाडीच गेली. आणि स्टिअरिंग नकलला (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) वेल्डिंग अजिबात नाही. शेवटी चाकांचं अलाइनमेंट (कोन जुळवणं) कराच.