शिक्षण आणि रुग्णालयातील नोकरी

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकते. रुग्णांना स्ट्रेचरवरून ने-आण करण्याचे रात्रपाळीचे काम मिळत आहे; ते स्वीकारावे का?

उत्तर : रात्रपाळी नको, सुटीच्या दिवसाची पाळी मागावी; कारण हा पूर्णवेळ अभ्यासक्रम असून प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. कामात शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. रुग्णाला हलवण्यापूर्वी नाव व नोंदणी क्रमांक पडताळणे, चाकांचे ब्रेक लावणे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे आणि उतारावर पायांची बाजू पुढे ठेवणे हे सारे हातांत मुरते. कन्नडभाषक आजींशी दोन वाक्ये बोलता आली, तर त्यांची धास्तीही कमी होते. ऑक्सिजनचा प्रवाह बदलण्यास कोणी सांगितले, तर मात्र नम्रपणे नकार देऊन परिचारिकेला बोलवावे.