वाचकांचे प्रश्न : घाटासाठी बलेनो की जॅझ?

प्रश्न : जुनी पेट्रोल मोटार घ्यायची आहे. मारुती बलेनो (मार्च 2016 ची बनावट, 62 हजार किलोमीटर) आणि होंडा जॅझ (2018, 48 हजार किलोमीटर) या दोन गाड्या पाहिल्या असून दोन्ही मॅन्युअल गिअरच्या, 1.2 लिटर इंजिनाच्या आहेत. घरात आम्ही चौघे आहोत आणि आठवड्यातून दोनदा पसरणी घाटातून महाबळेश्वरला जावे लागते. जॅझची ताकद 90 पीएस तर बलेनोची 84 पीएस आहे. तेव्हा घाटात जॅझच सरस ठरेल ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : आपण ताकदीचा आकडा पाहिलात, पण ती ताकद किती वजन ओढते हे पाहिले नाहीत. बलेनोचे वजन सुमारे 890 किलो, तर जॅझचे 1,040 किलोच्या आसपास आहे. म्हणजे एक टन वजनामागे बलेनोला 94 पीएस मिळतात आणि जॅझला 86 ते 87. अर्थात गाडी कधीच रिकामी चढत नाही. चार माणसे आणि सामान मिळून 300 किलो धरले, तर हेच आकडे अनुक्रमे 71 आणि 67 होतात, म्हणजे बलेनोची आघाडी बरीच आटते.

तरीही घाटासाठी माझे मत बलेनोकडेच झुकते, आणि त्याचे कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, हे आहे. बलेनोचा सर्वाधिक 115 न्यूटन-मीटर टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर मिळतो, तर जॅझचा 110 न्यूटन-मीटर मिळण्यासाठी इंजिन 4,800 फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. वळणावर वेग मोडल्यानंतर पुन्हा चढ घेताना इंजिन खालच्या फेऱ्यांवर असते, आणि तिथे जॅझला एक गिअर खाली आणण्याची गरज अधिक वेळा पडेल. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के घटते. मात्र दोन्ही इंजिने त्याच प्रकारची असल्याने हा तोटा दोघींना सारखाच आहे.

जॅझचे गुण वेगळे आहेत. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या आसनांखाली असल्यामुळे काही जॅझमध्ये मागच्या आसनाची बैठक उभी दुमडता येते आणि कुंडीतले उंच रोपसुद्धा उभे नेता येते; आपण पाहिलेल्या गाडीत ही सोय आहे का, ते तपासावे. डिकी 354 लिटरची आहे, बलेनोची 339. हा फरक एका पिशवीचा समजावा. अधिकृत मायलेज मात्र बलेनोचे 21.4 आणि जॅझचे 18 ते 19 किलोमीटर असून, घाटात दोन्ही आकडे खाली येणार हे गृहीत धरावे.

एवढे झाल्यावर कागद बाजूला ठेवावा, कारण वापरलेल्या गाडीत छापील आकड्यांपेक्षा क्लच प्लेटची अवस्था अधिक बोलते. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, चौघांना बसवून, पाचगणीपर्यंत स्वतः चालवाव्यात. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजून तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. उतरताना ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरते का, तेही पाहावे. टायरवरचा चार अंकी शिक्का वाचावा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. टायरवर नक्षी दिसत असली, तरी इतके जुने टायर घाटासाठी बदलावेच लागतील.

आणखी एक गोष्ट विसरू नये. ऑगस्ट 2015 ते मे 2016 या काळात बनलेल्या बलेनो एअरबॅगच्या नियंत्रकातील दुरुस्तीसाठी, तर 2018 मध्ये बनलेल्या काही जॅझ इंधन पंपासाठी कंपन्यांनी परत बोलावल्या होत्या. आपण पाहिलेल्या दोन्ही गाड्या त्याच काळातल्या आहेत, तेव्हा चासी क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्रात ते काम झाल्याची खात्री करावी आणि मगच इसार द्यावा. पसरणीच्या चढावर बलेनोचा क्लच घसरला आणि जॅझचा ठणठणीत निघाला, तर माझे वरचे गणित सोडून खुशाल जॅझ घ्यावी.