ते कृमी ओतून देऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. सहा आठवडे खायला न घातल्यामुळे तुझे प्लॅनेरिया, म्हणजे ते गोड्या पाण्यातले चपटे कृमी, आकाराने निम्म्यावर आलेत, काचपात्राच्या तळाशी शोधावे लागतात, आणि प्रयोग फसला म्हणून तू ते ओतून देणार आहेस. कृपा करून तसं करू नकोस. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. आपण काय ओतून दिलं हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि त्याची हळहळ अजून आहे.

तुझे कृमी आजारी नाहीत. ते लहान होताहेत. आपण उपाशी राहिलो की चरबीच्या पेशी रित्या होतात, स्नायूंचे तंतू बारीक होतात. घर तेवढंच राहतं, सामान कमी होतं. प्लॅनेरिया घरच लहान करतो. २० मिलिमीटरचा कृमी काही महिन्यांत एक-दोन मिलिमीटरवर येतो, तरी त्याची एकेक पेशी जवळपास पूर्वीएवढीच असते. घटते ती पेशींची संख्या. बागुन्या आणि रोमेरो या दोघा संशोधकांनी कृमींच्या पेशी सुट्या करून त्या प्रकारवार मोजल्या, तो त्यांचा १९८१ सालचा निबंध मिळवून वाच. पेशी मरतात, त्यांचा माल बाकीच्यांच्या पोषणाला लागतो, आणि हे चालू असतानाच मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, विभागत राहतात. उपासातसुद्धा बांधकाम थांबत नाही, फक्त पाडकाम त्याच्या पुढे जातं. मला तर यातलं हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं.

आता कशाचा बळी आधी जातो ते बघ. लैंगिक प्रजनन करणाऱ्या प्लॅनेरियांत प्रजननाचे अवयव लवकर विरतात. मज्जासंस्था मात्र शेवटपर्यंत जपली जाते, म्हणून उपाशी कृमीचं डोकं धडाच्या मानाने मोठं दिसतं. तुझ्या वहीत 'डोकं बेढब झालं' अशी नोंद आहे. ते बेढब नाही गं, तोच तुझा निष्कर्ष आहे. उपाशी प्राण्याने काय टाकलं यापेक्षा काय टाकायला नकार दिला, ते आधी लिहीत जा.

ही नजर एकदा आली की इतर प्राणीही वेगळे दिसायला लागतात. कॅरिबियन समुद्रातला काळ्या लांब काट्यांचा सी-अर्चिन, म्हणजे गोल कवचाचा काटेरी प्राणी, घे. अन्न कमी पडलं की त्याचं कवच आक्रसतं, पण शेवाळ खरवडणारा जबडा कवचाच्या मानाने मोठा होतो. डॉन लेव्हिटन यांनी १९८०च्या दशकात हे व्हर्जिन बेटांवर अभ्यासलं. अंटार्क्टिक क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, प्रयोगशाळेत २११ दिवस अन्नावाचून जगले. ते कात टाकत राहिले आणि दर कातीला थोडे लहान होत गेले. डोळे मात्र त्या प्रमाणात आक्रसत नाहीत, त्यामुळे लहान शरीरावर मोठे डोळे दिसले की हा उपाशी असणार, असा अंदाज बांधता येतो. आकारावरून वय ठरवणाऱ्यांची यात मोठी फसगत होते. तुझ्या वहीतही 'पिल्लं' असा शब्द दोनदा आलाय, तो खोडून टाक.

आणि फार लांब जायला नकोच. आपल्याकडच्या धान्याच्या गोदामात भिंतीच्या फटीत दडलेली खापरा भुंगेऱ्याची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षं टिकते. तिच्याच कुळातल्या एका अळीवर वोड्सेडालेक या संशोधकांनी १९१७ साली लिहिलंय. ती पाच वर्षांहून जास्त उपाशी जगली, वजन सहाशेव्या हिश्श्यापर्यंत उतरलं. अशा आक्रसलेल्या अळ्या खायला मिळाल्यावर पुन्हा वाढायच्या.

आता कामाचं. नुसत्या लांबीवर विसंबू नकोस. प्लॅनेरिया क्षणात ताणतो, क्षणात आखडतो, पट्टी लावून तुला खोटाच आकडा मिळणार. तो सरळ सरकत असताना वरून चार-पाच फोटो घे, त्यातलं क्षेत्रफळ मोज आणि सरासरी काढ. तापमान रोज लिही, कारण गारव्यात आक्रसणं मंदावतं. नळाचं पाणी थेट ओतू नकोस, क्लोरीन त्यांना सोसत नाही.

मग कृमींचे दोन गट कर. एक उपाशीच राहू दे. दुसऱ्याला कोंबडीच्या कलेजीचा बारीक तुकडा घाल, तासाभराने उरलेलं काढून पाणी बदल. खाणं मिळाल्यावर मूलपेशींचं विभाजन काही तासांतच वाढतं, आकार दिसायला मात्र दिवस जातील. त्या दिवसांत घाई करू नकोस. प्रयोग संपला की उपाशी गटालाही पोटभर घाल, तेवढं त्यांचं देणं लागतेस तू.

पहिल्या कलेजीनंतरच्या आठवड्याचे फोटो मला पाठव. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवी.

कळावे.
तुझी मॅडम