अभियांत्रिकीच्या गरजू मुलांसाठी देणग्या कशा जमवायच्या?

तुम्ही विचारलंय की, विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागातल्या गरजू मुलांसाठी माजी विद्यार्थ्यांनी मिळून निधी उभा करायचाय, पण आवाहन केलं की ग्रुपवर सगळे ‘थम्स अप’ पाठवतात आणि पैसे मोजकेच जण देतात; तर मागायचं कसं?

मी पुण्यात शिकलो आणि आमच्या बॅचच्या निधीचा हिशेब बरीच वर्षं सांभाळतोय. त्यावरून सांगतो: मागायला निघण्याआधी मुलांचं नेमकं कुठे अडतं ते शोधून काढा. ‘गरजूंना मदत करा’ म्हटल्यावर खिशात हात घालणारे थोडे असतात. ‘दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची दहा महिन्यांची मेस’ म्हटलं की तोच माणूस विचारतो, ‘किती होतात सांग.’

आणि महाराष्ट्रात बऱ्याच मुलांचं अडतं ते फीच्या बाहेर. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतलेल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींची, उत्पन्नाच्या त्याच मर्यादेत, शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. पण शिष्यवृत्तीचे पैसे अनेकदा वर्ष सरत आलं की हातात पडतात, आणि मेसवाल्याला मात्र पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच हवे असतात. गावाकडून आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर, वर्कशॉपचा एप्रन आणि बूट असं सगळं एकदम लागतं. पुढच्या वर्षी लॅपटॉप. दोघांत एक डबा लावणारी मुलं मी पाहिली आहेत. ती कुणाला काही सांगत नाहीत. हे कळतं ते मेसवाल्याकडून, रेक्टरकडून किंवा एखाद्या शिपाईकाकांकडून. तेव्हा आधी त्यांच्याशी बोला, मग आवाहनाचा मजकूर लिहा.

याच टप्प्यावर एक काम बिनपैशाचं आहे. जात पडताळणीची पावती नाही, उत्पन्नाचा दाखला जुना, आधार बँकखात्याला जोडलेलं नाही, एवढ्या कारणांवरून हक्काची शिष्यवृत्ती अडकते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दोन-चार चुणचुणीत मुलं प्रवेशाच्या दिवसांत टेबल मांडून बसवा आणि नव्या मुलांचे अर्ज तपासून घ्या. तुमची देणगी जिथे हजारांत मोजावी लागेल, तिथे एक नीट भरलेला अर्ज त्या मुलाला त्याहून कितीतरी जास्त मिळवून देतो. देणगीदारांनाही हे आवर्जून सांगा. सरकारी पैसा सोडून तुम्ही त्यांच्याकडे आलेला नाहीत, हे दिसलं की विश्वास बसतो.

आता मागण्याबद्दल. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. प्रत्येक बॅचच्या प्रत्येक शाखेतला एक माणूस गाठा, ज्याचा फोन सगळे उचलतात असा, आणि त्याला आपल्या वर्गमित्रांना एकेकट्याला फोन करायला लावा. फोनवर आकडा सांगायचा, आडवळण नको. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ५०० किंवा १००० रुपये खात्यातून आपोआप वळते करण्याची बँकेतली स्थायी सूचना मला जास्त मोलाची वाटते. पुढच्या जूनला किती हातात असतील ते आज कळतं. मोठी रक्कम मागायची खरी वेळ म्हणजे बॅचचं पंचविसावं वर्ष. आयआयटी मुंबईच्या १९९८च्या बॅचने रौप्यमहोत्सवी संमेलनात ५७ कोटी रुपये दिले, आणि इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणींनी तिथे प्रवेश घेतल्याला ५० वर्षं झाली त्या वर्षी, २०२३ मध्ये, ३१५ कोटी दिले. आपल्याला त्या आकड्यांशी बरोबरी करायची नाही. पण लोक वर्षपूर्तीला मनापासून देतात हे त्यातून नक्की घ्या.

सुरुवातीलाच कायम ठेवीचा आग्रह धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली काही वर्षं जमेल ते त्याच वर्षी मुलांपर्यंत पोचवा. व्याजावर चालणारा निधी नंतरही उभा राहतो, पण पहिल्या सत्रात शिक्षण सोडून गेलेला मुलगा परत येत नाही.

कागदपत्रं चोख हवीत. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यातच पैसे घ्या. रोखीने २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावटच नाही. हे आधीच सांगितलं तर मार्चनंतर रुसवे होत नाहीत. परदेशातल्या मित्रांच्या बाबतीत पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी. ते घ्यायला एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. ती सोय नसेल तर असे पैसे नम्रपणे नाकारा. कंपन्यांच्या सीएसआरमागे (सामाजिक कामासाठीच्या निधीमागे) पहिल्या वर्षी धावू नका, त्यांना आधीच्या कामाचे ताळेबंद लागतात.

एका गोष्टीत मात्र तडजोड करू नका. मुलांना व्यासपीठावर बोलावून चेक देतानाचे फोटो काढायचे नाहीत. नावं फक्त निवड करणाऱ्या दोघा-तिघांना माहीत असावीत, आणि पैसे थेट मेसच्या किंवा मुलाच्या खात्यात जावेत. देणगीदाराला हिशेब पै-पैचा द्या. मुलाचं नाव देऊ नका. थोर अभियंते विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकायला आले ते म्हैसूर सरकारच्या मदतीवर, आणि १८८३च्या अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. मदत घेऊन शिकण्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही, हे आपल्या वागण्यातून त्या मुलांना कळलं पाहिजे.

तयारी मे महिन्यात सुरू करा, म्हणजे कॅपच्या फेऱ्या लागतील तेव्हा हाताशी थोडे पैसे असतील. तुमचं विद्यापीठ सरकारी आहे की खासगी, आणि माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का, तेवढं खाली लिहा. देणग्या कुणाच्या खात्यात घ्याव्यात ते त्यावरून सांगतो.