पेन्शन राहू द्या, आधी प्लॉटचं खरेदीखत थांबवा

वाचकाचं पत्र थोडक्यात: "तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माझं वय 45. धाकटा मुलगा 17 वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर, यंदा दहावीला. बेदाण्याचे 9 लाख हातात आले. ओळखीच्या एजंटाने पेन्शनची पॉलिसी दिली: वर्षाला 1 लाख 20 हजार, 12 वर्षं भरायचे. तेराव्या वर्षापासून 25 वर्षं मुलाला दरसाल 1 लाख आणि शेवटी भरलेले पैसे परत. करही वाचेल म्हणाला. पहिला हप्ता भरला, पॉलिसी गेल्या आठवड्यात घरी आली. पुढे चालू ठेवू का? शिवाय विट्याजवळ 6 लाखांचा प्लॉट घेतोय, 50 हजार इसार दिलाय. धाकट्याला व्यवहार जमणार नाहीत, म्हणून खरेदी थोरल्याच्या नावे. तो भावाला सांभाळेल. कानाचं मशीन धाकट्याने आठवीपासून लावलेलं नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र 2014 साली शिबिरात काढलेलं आहे."

पॉलिसी परत करा. हिशेब फार नाही. भरणार 14 लाख 40 हजार, मिळणार 39 लाख 40 हजार, हे ऐकायला झकास. पण 37 वर्षं पसरलेले हे पैसे वर्षाला जेमतेम साडेचार टक्क्यांचा परतावा देतात. हेच 1 लाख 20 हजार दरसाल पीपीएफमध्ये टाकले तर आजच्या 7.1 टक्क्यांनी बारा वर्षांत 23 लाख होतात. त्यावर सात टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 60 हजार व्याज येईल आणि मुद्दल जागेवर राहील. महागाई सहा टक्के धरली तर पॉलिसीतला शेवटचा 1 लाख आजच्या 12 हजारांएवढा. राहिला कर. तुमचं उत्पन्न द्राक्षाचं आणि बेदाण्याचं, त्यावर आयकर नाहीच. जो कर तुम्हाला लागत नाही तो वाचवून देणाऱ्या एजंटाला काय म्हणावं!

आता न विचारलेलं. 9 लाखांतून 1.2 पॉलिसीला, 6 प्लॉटला. उरले 1.8. दहावीनंतर मुलगा काय शिकणार, त्याला किती लागतील, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. तो कधीच कमावणार नाही हे तुम्ही ठरवून टाकलंय आणि पैशांची मांडणी त्यावर बेतली आहे.

कायदा तसं धरत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 13 मध्ये, दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगायचा, वारसाने घ्यायचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहायचा इतरांइतकाच हक्क दिलाय. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली सज्ञान व्यक्तीलाही पालक नेमता येतो, पण ती सोय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. नुसत्या बहिरेपणाला नाही. अठरा पूर्ण झाली की तुमचा मुलगा स्वतः सही करणार. प्लॉट थोरल्याच्या नावे झाला की तो थोरल्याचाच. त्याचं कर्ज थकलं, उद्या त्याचे वारस आले, तर "सांभाळेल" हा शब्द सातबाऱ्यावर कुठे लिहिलेला नसतो. थोरला कितीही चांगला असो. इसाराचे 50 हजार बुडाले तरी सौदा सोडा, असंच मी म्हणेन. जे आधीच तुमच्या नावावर आहे त्याचं मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. आणि स्वतःचा 50 लाखांचा साधा मुदत विमा घ्या.

पॉलिसीचा हप्ता परत येईल आणि इसार गेला धरा, म्हणजे साडेआठ लाख. त्यातले साडेचार मुलाच्या पुढच्या तीन वर्षांचे. सांगली-मिरजेत खोली आणि मेस महिन्याला 8 हजार, म्हणजे तीन वर्षांचे 3 लाख. कानाच्या मशीनची जोडी 60 हजार. सांकेतिक भाषा आणि लेखी मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाला महिना 3 हजार, दोन वर्षांचे 72 हजार. हे एकेक वर्षाच्या एफडीत पाडून ठेवा. दीड लाख पीपीएफला, अडीच लाख बागेच्या अडीनडीला.

आयटीआयचा विचार कराल, तर आधी एक तपासा. फिटर, टर्नर, मशिनिस्टला दहावीचं गणित आणि विज्ञान लागतं. सवलत घेऊन गणिताऐवजी सोपा विषय घेतला असेल तर हे दरवाजे बंद होतात, आणि पालकांना ते निकालानंतर कळतं. प्रवेशाआधी वर्गात एक दिवस बसून या: निदेशक फळ्याकडे तोंड करून बोलतो का, सूचना लिहून देतो का, मशीन बंद-चालू कळायला दिवा आहे का. कुपवाडच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जायचं तर हे आणखी महत्त्वाचं. कानात थोडंफार ऐकू येत असेल तर आवाजापासून ते जपावंही लागेल.

कानाचं मशीन आठवीपासून बंद का पडलं असेल? बहुधा कानात बसणारा साचा, म्हणजे मोल्ड. पोराचा कान वाढतो, जुना मोल्ड सैल होतो, आवाज बाहेर गळून शिट्टी वाजते, वर्गात पोरं हसतात आणि मशीन ड्रॉवरमध्ये जातं. नवीन साचा हजार-दीड हजारात होतो. आधी तो करून पाहा, मग 60 हजारांचं बोला. जादा शक्तीच्या मशीनला 675 नंबरचे निळ्या चिकटपट्टीचे सेल लागतात. पट्टी काढली की हवा शिरते आणि सेल वापरला नाही तरी उतरतो, म्हणून आदल्या रात्री पट्टी काढून ठेवू नका. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

2014 चं प्रमाणपत्र कपाटात राहू द्या. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून सांगलीच्या शासकीय रुग्णालयात ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा जास्त तूट म्हणजे कर्णबधिर. 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणारा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तरच सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात, त्यातही या गटाच्या 1 टक्क्यात बसता येतं. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं करून मगच अर्ज करा, नाहीतर आडनावाच्या एका वेलांटीवर महिने जातात.

व्यवहार जमणार नाहीत म्हणता. ऐकू येणारं पोर ओट्यावर बसल्याबसल्या "जामीन", "हप्ता", "मुदत", "कपात" हे शब्द फुकटात शिकतं. तुमच्या मुलाच्या कानावर ते पडलेलेच नाहीत. ते लिहून, दाखवून शिकवावे लागतात. या वर्षीची बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, त्याच्यासमोर ठेवा: 15 किलोच्या पेट्या किती, दर काय, हमाली-तोलाई किती गेली, हातात काय आलं. त्याच्या नावाचं बचत खातं आजही उघडता येतं, दहा वर्षांवरच्या मुलाला ते चालवताही येतं. महिन्याला हजार रुपये टाका आणि खर्चाची वही त्याला लिहू द्या. ओटीपी मेसेजवर येतो ते सोयीचं. बँकेचा खातरजमेचा फोन मात्र अडतो, तेव्हा शाखेत जाऊन अर्जावर "कर्णबधिर, फक्त मेसेज" असं लिहवून घ्या.

पॉलिसी परत करायचा अर्ज एजंटाकडे नव्हे, कंपनीच्या शाखेत द्या, मूळ कागद जोडून, आणि पोच घ्या. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं विमाशुल्क कापून बाकी परत मिळतं. एजंट "पुढच्या महिन्यात करू" म्हणेल. पॉलिसी हातात पडल्याच्या तारखेपासून तीसच दिवस असतात, आणि तुमचा एक आठवडा गेलाय.