सातबाऱ्यावर अज्ञान वारस असेल तर

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला सातबारा आणि फेरफार वाचला. जमीन चांगली आहे, रस्ताही आहे. पण तिसऱ्या नावापुढे 'अ.पा.क. आई' लिहिलंय, तिथे थांब. म्हणजे तो वारस अज्ञान, अजून अठराचा नाही, आणि आई त्याची पालनकर्ती आहे. एजंट म्हणतो तसं 'आईची सही घेतली की झालं' असं होत नाही.

ही जमीन वडिलांनी स्वतः खरेदी केलेली. ते मृत्युपत्र न करता गेले आणि वारस नोंदीने पत्नी, मुलगी, मुलगा अशी नावं लागली. म्हणजे मुलाचा हिस्सा त्याचा स्वतःचा. अशा हिस्स्याला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 चं कलम 8 लागतं. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय आईलासुद्धा तो विकता येत नाही. तरी विकलाच, तर मुलगा सज्ञान झाल्यावर त्याच्या हिश्श्यापुरता व्यवहार नाकारू शकतो. दाव्याला त्याला अठरानंतर तीन वर्षं मिळतात. आज तो अकराचा असेल, तर तू दहा वर्षं टांगणीवर. शिवाय 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दरवेळी दावा लावायलाच हवा असं नाही. मुदतीत स्वतःचा हिस्सा दुसऱ्याला विकूनही तो आधीचा व्यवहार झिडकारू शकतो. तू तिथे घर बांधलेलं असलं तरी!

'एकत्र कुटुंबाची मिळकत आहे, परवानगी लागत नाही' असंही तुला कुणी सांगेल. खऱ्याखुऱ्या वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत कर्त्याने, म्हणजे कुटुंबप्रमुखाने, विक्री केली तर कलम 8 लागत नाही, हे खरं. तिथे कायदेशीर गरज होती का, हे तपासावं लागतं. तुझ्या फेरफारात मात्र तसं काही दिसत नाही. (विकणारं कुटुंब मुस्लिम असतं तर प्रश्न आणखी बिकट होता: तिथे आई मालमत्तेची पालक धरलीच जात नाही.) आणि दस्त नोंदवला गेला म्हणून यातला कुठलाही दोष धुतला जात नाही.

तेव्हा आईला जिल्हा न्यायालयात अर्ज करायला सांग. मुलाची गरज किंवा उघड फायदा दिसला तरच परवानगी मिळते, आणि त्याच्या वाट्याची रक्कम बहुधा मुदतठेवीत ठेवायला सांगतात. याला वेळ लागतो, त्यावर कुरकुर करू नकोस. बापामागे त्या पोराकडे कदाचित एवढंच उरलं असेल. त्याला पुरता भाव मिळावा असं मला मनापासून वाटतं.

हुकूम हाती आला की गट नंबर, क्षेत्र, किंमत, मुदत सगळं साठेखताशी (खरेदीखताआधीच्या कराराशी) ताडून बघ. हुकमाची प्रमाणित प्रत खरेदीखताला जोड, मुलाच्या हिश्श्याची रक्कम हुकमात सांगितली तशीच भर. तोवर मोठा विसार देऊ नकोस. दिलाच तर परवानगी नाकारल्यास पैसे परत, अशी अट साठेखतात घाल. आईचं हमीपत्र घे, पण त्याने मुलगा बांधला जात नाही हे ध्यानात ठेव.

मुलाचा जन्मदाखला आजच मागव. सतरा उलटून गेली असतील तर सरळ थांब आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याचीच सही घे. आणि वकिलांना सर्च रिपोर्टमध्ये आधीच्या खरेद्याही तपासायला सांग, तिथेही कुणी अज्ञान होता का ते.

तुझा,
काका